कोड लिहिणारे, तपासणारे आणि त्यांची पारख

प्रोग्रॅममध्ये बग सापडल्याची तक्रार येते. ती वाचून एक एजंट आराखडा लिहितो : कोणत्या फाइलमध्ये काय बदलायचे, कशाला हात लावायचा नाही. दुसरा एजंट त्याबरहुकूम कोड लिहितो. तिसरा टेस्ट तयार करून चालवतो. चौथा झालेला बदल वाचून शेरा मारतो आणि शेरा प्रतिकूल असेल तर काम पुन्हा दुसऱ्याकडे जाते. एवढे सगळे झाल्यावर माणसाच्या पुढ्यात पॅच येतो. एआयकडून कोड लिहून घेणाऱ्यांमध्ये ही मांडणी गेल्या काही वर्षांत चांगलीच रुळली आहे. पण हे चौघे बहुतेक वेळा चार वेगळे तज्ज्ञ नसतात. एकाच भाषिक मॉडेलला चार वेगवेगळ्या सूचना देऊन चारदा बोलावलेले असते. एकालाच चार खुर्च्यांवर आळीपाळीने बसवल्याने काम सुधारते का, आणि सुधारते असे कुणी म्हटले तर ते कशाच्या आधारावर मानायचे, हा या आढाव्याचा विषय आहे.

या विषयात दोन प्रश्न एकमेकांत मिसळलेले असतात. एक रचनेचा : भूमिका किती असाव्यात, कुणी कुणाला काय द्यावे, काम मागे कधी फिरावे. दुसरा पडताळणीचा : ही रचना खरोखर चालते हे कसे ठरवायचे. लेखन आणि चर्चा पहिल्यावर भरपूर झाली, दुसऱ्यावर त्या मानाने फारच थोडी. माझ्या मते दुसऱ्याचे उत्तर हाती असल्याशिवाय पहिल्याबद्दल ठामपणे काही म्हणता येत नाही. पुढच्या मजकुरात दोन्ही बाजू मांडताना मी एक सूत्र धरून ठेवले आहे. भूमिकेचे मोल तिच्या नावावरून ठरत नाही. तिला काय दिसते, काय करता येते आणि कोणत्या पुराव्याच्या बळावर ती काम परत पाठवू शकते, यावरून ते ठरते. हे तिन्ही तपासता येते, आणि जे तपासता येत नाही ती भूमिका बहुधा नावापुरतीच असते.

जुना वारसा

भूमिका वाटण्याची कल्पना एजंटांबरोबर आलेली नाही. १९६८ साली जर्मनीतल्या गार्मिश इथे नाटोच्या विज्ञान समितीने भरवलेल्या परिषदेत सॉफ्टवेअरच्या वाढत्या पसाऱ्याची चिंता उघडपणे मांडली गेली. हे काम किती जणांनी आणि कसे वाटून करायचे, हा प्रश्न तेव्हापासून या क्षेत्राचा पिच्छा पुरवतो आहे. त्याच वर्षी मेल्व्हिन कॉन्वे यांनी एक निरीक्षण नोंदवले : संस्थेतली माणसे आपसात ज्या वाटांनी बोलतात, त्याच वाटांचा ठसा त्यांनी बनवलेल्या प्रणालीवर उमटतो. आयबीएममधल्या हार्लन मिल्स यांनी ‘चीफ प्रोग्रॅमर टीम’ सुचवली आणि फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५च्या ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या पुस्तकात तिला शस्त्रक्रियेच्या पथकाची उपमा दिली. एक मुख्य प्रोग्रॅमर, आणि त्याच्या दिमतीला सहायक, टेस्टर, साधने बनवणारा, नोंदी ठेवणारा. या मांडणीतला एक बारकावा आजच्या चर्चेत हरवलेला दिसतो. त्या पथकात रचनेचा विचार अनेकांत वाटलेला नव्हता. तो एकाच डोक्यात अखंड राहावा, याचसाठी बाकीच्या भूमिका होत्या.

तपासणीची परंपरा वेगळ्या वाटेने आली. आयबीएमचेच मायकेल फॅगन यांनी १९७६ साली कोड तपासण्याची शिस्तबद्ध पद्धत प्रसिद्ध केली. त्यात संचालक, रचनाकार, कोड लिहिणारा आणि टेस्टर अशा भूमिका ठरलेल्या होत्या, आणि संचालक शक्यतो त्या प्रकल्पाबाहेरचा असावा असे सुचवले होते. इथे भूमिका ठरवली ती कौशल्यापेक्षा अंतरासाठी : ज्याने लिहिले त्याच्यापासून तपासणारा किती दूर उभा आहे. हे अंतर वाटते तितके सहज मिळत नाही, हे १९८६ साली जॉन नाइट आणि नॅन्सी लेव्हसन यांनी दाखवून दिले. दोन विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांनी एकाच गरजपत्रकावरून स्वतंत्रपणे लिहिलेले २७ प्रोग्रॅम त्यांनी दहा लाख चाचण्यांवर चालवून पाहिले. वेगवेगळ्या माणसांच्या चुकाही वेगवेगळ्या जागी पडतील, हे गृहीतक टिकले नाही. अवघड जागी अनेक जण एकत्रच चुकले होते. माणसे निदान वेगवेगळी होती. एकाच मॉडेलच्या दोन फेऱ्यांना ‘लेखक’ आणि ‘परीक्षक’ म्हणताना हा प्रयोग डोळ्यांसमोर ठेवायला हवा.

कंपनीची नक्कल

भाषिक मॉडेल्सना भूमिका देण्याची लाट २०२३ची. मार्चमध्ये आलेल्या ‘कॅमल’ या प्रयोगात दोन मॉडेल्सपैकी एकाला सूचना देणारा आणि दुसऱ्याला त्या पाळणारा करून आपसात बोलायला लावले होते. जुलैत ‘चॅटडेव्ह’ने अख्खी आभासी सॉफ्टवेअर कंपनी उभी केली : सीईओ, सीटीओ, प्रोग्रॅमर, रिव्ह्यूअर, टेस्टर, टप्पे ठरलेले, प्रत्येक टप्प्यात दोघांचा संवाद. लहानसे सॉफ्टवेअर सात मिनिटांच्या आत आणि एक डॉलरपेक्षा कमी खर्चात तयार होते, असा त्यांचा दावा होता. ऑगस्टमधल्या ‘मेटाजीपीटी’ने संवादाच्या जागी दस्तऐवज आणले. प्रॉडक्ट मॅनेजर गरजा लिहून काढतो, आर्किटेक्ट त्यावरून आराखडा करतो, प्रोजेक्ट मॅनेजर कामे पाडतो, इंजिनिअर कोड लिहितो आणि क्यूए तो तपासतो. पुण्या-मुंबईतल्या सॉफ्टवेअर कंपन्यांत नोकरी केलेल्या वाचकाला ही साखळी तोंडपाठ असेल. मेटाजीपीटीच्या कर्त्यांचे म्हणणे असे की एजंट नुसते बोलत राहिले तर एकाची चूक दुसऱ्याच्या बोलण्यात मिसळून फुगत जाते. ठरलेल्या साच्यातला कागद मध्ये आला की तिला आळा बसतो. या मुद्द्यात तथ्य आहे.

या बाजूची बलस्थाने नीट मांडली पाहिजेत, कारण नंतरच्या टीकेत ती झाकली गेली. पहिले म्हणजे लक्ष. मॉडेलला लांबच लांब मजकूर दिला तर मधल्या भागातली माहिती त्याच्या हातून निसटते, हे २०२३च्या ‘लॉस्ट इन द मिडल’ या अभ्यासाने दाखवले. म्हणून प्रत्येक भूमिकेला तिच्यापुरताच मजकूर देणे शहाणपणाचे ठरू शकते. दुसरे, मागोवा. टप्प्याटप्प्याला लिहिलेले काही मागे राहिले तर बिघाड कुठे झाला ते शोधता येते. तिसरे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, ते म्हणजे स्वतंत्र दृष्टी. डिसेंबर २०२३मध्ये आलेल्या ‘एजंटकोडर’मध्ये टेस्ट रचणाऱ्या एजंटाला कोड दाखवलाच जात नाही. तो मूळ गरजेवरून टेस्ट लिहितो. कोड पाहून लिहिलेली टेस्ट त्या कोडमधली चूकच ‘अपेक्षित उत्तर’ म्हणून नोंदवण्याची शक्यता असते. गरजेवरून लिहिलेल्या टेस्टला ती वाट बंद असते.

अडचण मोजमापाची होती. यातल्या बहुतेक दाव्यांचा कस ‘ह्यूमनइव्हल’सारख्या चाचणीसंचांवर लागला होता. २०२१ साली आलेल्या त्या संचात १६४ छोट्या समस्या आहेत, प्रत्येकीत एकच फंक्शन लिहायचे. मेटाजीपीटीने त्यावर ८५.९ टक्के यश नोंदवले. पण एका फंक्शनसाठी प्रॉडक्ट मॅनेजर आणि आर्किटेक्ट लागतात का, हे त्या आकड्यावरून कळत नाही. साखळी मोठ्या कामासाठी बांधली होती आणि तिची परीक्षा छोट्या कामावर झाली.

एकट्याने भागते, असे म्हणणारे

ऑक्टोबर २०२३मध्ये ‘एसडब्ल्यूई-बेंच’ आला आणि वादाची जमीनच बदलली. पायथॉनच्या १२ खऱ्या प्रकल्पांतल्या २,२९४ खऱ्या तक्रारी त्यात होत्या. एजंटाने प्रकल्पाचा कोड वाचून पॅच द्यायचा आणि त्याला न दाखवलेल्या टेस्ट पुढे निकाल देणार. त्या वेळच्या उत्तम मॉडेलला यातल्या दोन टक्केही जमल्या नाहीत. पुढच्या वर्षी ‘एसडब्ल्यूई-एजंट’ने १२.५ टक्क्यांच्या आसपास मजल मारली, आणि त्याची किल्ली भूमिकांत नव्हती. एकाच एजंटाला फाइल उघडण्याची, शोधण्याची, संपादन करण्याची आटोपशीर साधने दिल्याने फरक पडला होता. जुलै २०२४मधला ‘एजंटलेस’ आणखी पुढे गेला. चूक कुठे आहे ते शोधा, दुरुस्तीचे अनेक पर्याय काढा, तपासून एक निवडा, एवढीच ठरीव वाट. कुठलाही स्वायत्त निर्णय नाही, कुणाची पदवी नाही. त्याच संचाच्या ‘लाइट’ आवृत्तीवर त्याने २७.३ टक्के यश अगदी कमी खर्चात मिळवून त्या वेळच्या बऱ्याच गुंतागुंतीच्या खुल्या प्रणालींना मागे टाकले.

त्याच सुमारास प्रिन्स्टनच्या संशोधकांनी ‘एआय एजंट्स दॅट मॅटर’ या लेखात दाखवले की ह्यूमनइव्हलवरच्या अनेक गुंतागुंतीच्या रचनांपेक्षा ‘चुकले तर पुन्हा प्रयत्न कर’ अशी साधी पद्धत कमी पैशांत तितकेच काम देते. तर्काच्या कोड्यांवर गूगल डीपमाइंडच्या २०२३च्या अभ्यासातही हेच चित्र होते. बाहेरून पुरावा न देता मॉडेलला स्वतःचेच उत्तर सुधारायला सांगितले की सुधारणा होत नाही, कधी उत्तर बिघडते. आणि अनेक एजंटांच्या वादविवादाची तुलना तितक्याच स्वतंत्र उत्तरांवरच्या बहुमताशी केली की वादाचे श्रेष्ठत्व उरत नाही. मार्च २०२५मध्ये बर्कलीच्या संशोधकांनी अनेक बहु-एजंट प्रणालींच्या नोंदी वाचून अपयशाचे १४ प्रकार तीन गटांत मांडले : रचनेत आणि भूमिकेच्या व्याख्येतच राहिलेले दोष, एजंटांतली विसंगती, आणि तपासणीतली कमतरता. त्यांचा रोख असा की हे दोष केवळ मॉडेल कच्चे असल्याने आलेले नाहीत, त्यांची मुळे रचनेत आहेत. मला ही मांडणी मोलाची वाटते, कारण ‘मॉडेल सुधारले की सगळे जुळून येईल’ ही आशा ती तपासून पाहते.

जून २०२५मध्ये दोन लेख आगेमागे आले आणि वाद नेमका कुठे आहे ते उघड झाले. ‘डेव्हिन’ बनवणाऱ्या कॉग्निशन कंपनीने बहु-एजंट रचना टाळाच, असे सांगितले. प्रत्येक कृतीत न बोललेले निर्णय दडलेले असतात. काम वाटले की ते निर्णय एकमेकांना कळत नाहीत आणि जोडताना तुकडे विसंगत निघतात. अँथ्रोपिकने मात्र आपली माहिती शोधणारी बहु-एजंट प्रणाली अंतर्गत चाचणीत एकट्या एजंटापेक्षा ९०.२ टक्क्यांनी सरस ठरल्याचे सांगितले. त्याच लेखात त्यांनी मान्य केले की अशी प्रणाली साध्या संवादाच्या सुमारे १५ पट टोकन खर्च करते, आणि खऱ्या अर्थाने समांतर चालू शकेल असे काम कोडिंगमध्ये शोधकार्यापेक्षा कमी असते. दोन्ही लेख शेजारी ठेवले की विरोध वाटतो तितका उरत नाही. वाचणे, शोधणे, तपासणे ही कामे वाटता येतात. लिहिणे वाटले की सांधे उघडे पडतात. मिल्स यांचे पथक याच तत्त्वावर उभे होते.

नाव आणि सीमा

मग भूमिका म्हणजे काय? सर्वांत सोपे उत्तर असे की प्रॉम्प्टच्या सुरुवातीला लिहायचे वाक्य : ‘तू वीस वर्षांचा अनुभव असलेला आर्किटेक्ट आहेस.’ या वाक्यात फारशी शक्ती नाही, असे आजवरचा पुरावा सुचवतो. एका अभ्यासात १६२ व्यक्तिरेखा घेऊन २,४१० वस्तुनिष्ठ प्रश्नांवर अनेक मॉडेल्स तपासली गेली आणि व्यक्तिरेखा दिल्याने अचूकता वाढल्याचे दिसले नाही. ते प्रश्न ज्ञानाचे होते, कोडिंगचे नव्हेत, एवढी सावधगिरी बाळगूनही पदवीच्या भरवशावर साखळी बांधणे मला धोक्याचे वाटते.

दुसरे उत्तर प्रशासनातून घेता येते. आपल्याकडे जमिनीचा फेरफार तलाठी नोंदवतो आणि मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतो. या व्यवस्थेला अर्थ आहे तो दोन पदे आहेत म्हणून नव्हे. नोंद घेणाऱ्याला ती प्रमाणित करता येत नाही; प्रमाणित करणाऱ्याने मूळ दस्त पाहायचा असतो, तलाठ्याचा शब्द नव्हे; आणि हितसंबंधितांना नोटीस जाऊन हरकतीला वाव मिळतो. बँकेतली मेकर-चेकर पद्धतही याच घडणीची. अधिकाऱ्याने दस्त न उघडता सही केली तर दोन पदे असूनही तपासणी शून्य. एजंटांच्या साखळीत रिव्ह्यूअरला फक्त कोड लिहिणाऱ्याने तयार केलेला सारांश दिला जातो, तेव्हा नेमके हेच घडते.

संगणकशास्त्राने ही गोष्ट १९७५ सालीच सूत्रात बांधली. जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी मांडलेल्या संरक्षणाच्या तत्त्वांपैकी दोन इथे थेट लागू पडतात : ज्याला कामासाठी जेवढा अधिकार लागतो तेवढाच द्या, आणि महत्त्वाच्या कृतीला दोन वेगळ्या किल्ल्या लागू द्या. त्यानुसार भूमिका म्हणजे एक सीमा. आराखडा करणाऱ्याला सगळा कोड वाचता येतो, लिहिता येत नाही. कोड लिहिणाऱ्याला स्रोत फाइल बदलता येतात, पण स्वीकृतीच्या टेस्टची फाइल बदलता येत नाही. टेस्ट लिहिणाऱ्याला मूळ तक्रार दिसते, पॅच दिसत नाही. रिव्ह्यूअरला तक्रार, पॅच आणि चालवलेल्या टेस्टचा कच्चा निकाल दिसतो, लिहिणाऱ्याचे समर्थन दिसत नाही. मुख्य शाखेत बदल मिसळण्याचा अधिकार यांपैकी कुणालाच नसतो. यातली कुठलीही अट प्रॉम्प्टमध्ये विनंती म्हणून लिहिण्याची नाही. फाइलच्या परवानग्या, वेगळी कंटेनर आणि कमांडची यादी यांनी ती बाहेरून लादता येते. टेस्ट पास करण्यासाठी टेस्टच वळवणे किंवा ठरावीक इनपुटपुरता कोड लिहून वेळ मारून नेणे हे एजंटांच्या बाबतीत वारंवार नोंदले गेलेले वर्तन आहे. विनंतीवर विसंबणे पुरेसे नाही, याचा आणखी पुरावा लागत नाही.

या मांडणीवर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला असा की भूमिका ही माणसाच्या मर्यादेवरची तोड आहे. एका माणसाला सगळे येत नाही, सगळे लक्षात राहत नाही, म्हणून आपण कामे वाटतो. मॉडेलला सगळेच येत असेल तर वाटणी कशाला? याचे उत्तर भूमिकांचे दोन वर्ग केले की मिळते. काही भूमिका मॉडेलची उणीव भरून काढतात. वेगळा आराखडा करायला लावणे हे त्यातलेच, आणि मॉडेल सुधारले की अशा भूमिका गळून पडतील. गळाव्यातही. काही भूमिका अविश्वासावर उभ्या असतात, म्हणजे केलेल्या कामाची ग्वाही करणाऱ्याकडून घ्यायची नाही या तत्त्वावर. कौशल्य वाढल्याने त्यांची गरज संपत नाही. उत्तम हिशेबनीसालाही लेखापरीक्षण चुकत नाही. दुसरा आक्षेप असा की सीमा घातल्या की माहिती तुटते आणि कॉग्निशनने सांगितलेला विसंवाद ओढवतो. हा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. लिहिणाऱ्यांमध्ये सीमा घातल्या तर तो खरा ठरतो, म्हणून लिहिणारा एकच ठेवावा. तपासणाऱ्याच्या बाबतीत मात्र माहिती तुटणे हाच हेतू असतो. त्याला सगळे आधीच पटलेले असेल तर त्याच्या होकाराला किंमत उरत नाही.

सीमांना सुरक्षेचेही अंग आहे. एजंट वाचतो त्या तक्रारीत किंवा एखाद्या लायब्ररीच्या दस्तऐवजात त्याला उद्देशून दडवलेली सूचना असू शकते. या हल्ल्याला २०२२पासून ‘प्रॉम्प्ट इंजेक्शन’ म्हणतात आणि त्यावर खात्रीचा उपाय अजून नाही. बाहेरचा मजकूर वाचणारा, गुपिते हाताळणारा आणि बाहेर माहिती पाठवू शकणारा एजंट एकच असू नये, एवढी काळजी भूमिकांच्या वाटणीतून घेता येते. दर्जाच्या वादाचा निकाल काहीही लागो, या कारणासाठी वाटणी टिकेल असे मला वाटते.

पारख कशी करायची

आता दुसरा प्रश्न. सर्वसाधारण रीत अशी की साखळी एखाद्या मान्यताप्राप्त चाचणीसंचावर चालवायची आणि आलेली टक्केवारी जाहीर करायची. ही टक्केवारी किती सांभाळून वाचावी लागते, हे खुद्द एसडब्ल्यूई-बेंचच्या इतिहासावरून कळते. ऑगस्ट २०२४मध्ये ओपनएआयने ९३ डेव्हलपर्सकडून त्यातल्या १,६९९ तक्रारी तपासून घेतल्या. अनेक तक्रारी अपुऱ्या शब्दांत लिहिलेल्या होत्या, आणि अनेक टेस्ट इतक्या नेमक्या होत्या की बरोबर उत्तरही त्यात नापास व्हावे. दोन तृतीयांशांहून जास्त नमुने बाजूला पडले आणि ५०० तक्रारींचा ‘व्हेरिफाइड’ संच तयार झाला. २०२५पर्यंत आघाडीच्या मॉडेल्सनी त्यावर ७० टक्क्यांचा टप्पा ओलांडला. पण हे प्रकल्प सार्वजनिक आहेत आणि त्यांची उत्तरे मॉडेलच्या प्रशिक्षणात आलेली असू शकतात, ही शंका त्या आकड्याची पाठ सोडत नाही. शिवाय हा आकडा मॉडेल, साधने आणि साखळी यांचा एकत्रित असतो. भूमिकांचा वाटा त्यात किती, ते तो सांगत नाही.

तो वाटा काढण्याची पहिली पायरी म्हणजे न्याय्य तुलना. पाच एजंटांची साखळी एका एजंटाच्या एका प्रयत्नापेक्षा सरस ठरली तर त्यात नवल नाही. तिने पाचपट किंवा त्याहून जास्त टोकन खर्च केलेले असतात. तेवढ्याच खर्चात एकाच एजंटाला अनेक प्रयत्न करू दिले आणि टेस्टच्या आधारे त्यातला एक निवडला, तर काय होते, याच्याशी तुलना व्हायला हवी. दुसरी पायरी वजाबाकीची. एकेक भूमिका काढून टाकायची आणि निकालात काय बदलते ते पाहायचे. भूमिका काढूनही काहीच हलले नाही तर ती सजावट होती. इथे एक खबरदारी लागते. भूमिका काढताना तिला मिळणारी संगणनाची वेळ दुसरीकडे वळवली नाही, तर आपण भूमिकेचा परिणाम मोजतो की नुसत्या जास्त विचाराचा, ते कळत नाही.

तिसरी पायरी मला सर्वांत फलदायी वाटते आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष गेले आहे. रिव्ह्यूअर आणि टेस्टर यांचा कस अंतिम यशावरून लावू नये. त्यांना मुद्दाम सदोष काम देऊन लावावा. १९७८ साली डीमिलो, लिप्टन आणि सेवर्ड यांनी टेस्ट पारखण्यासाठी जी युक्ती सुचवली, तिला आज ‘म्युटेशन टेस्टिंग’ म्हणतात : चांगल्या प्रोग्रॅममध्ये छोटे छोटे बदल पेरायचे आणि टेस्ट त्यातले किती पकडतात ते मोजायचे. तेच साखळीच्या प्रत्येक सांध्याला लावता येते. आराखड्यातली एक अट गुपचूप गाळायची आणि कोड लिहिणारा विचारणा करतो की मुकाट्याने पुढे जातो ते पाहायचे. बरोबर पॅचमध्ये सीमेवरची एक तुलना उलटवायची आणि रिव्ह्यूअरला ती दिसते का ते मोजायचे. त्याच वेळी निर्दोष पॅचही त्याच्यापुढे ठेवले पाहिजेत, कारण प्रत्येक पॅचवर काही ना काही हरकत घेणारा रिव्ह्यूअर सगळे दोष पकडतो आणि तरीही निरुपयोगी असतो. सुटलेले दोष आणि खोट्या हरकती असे दोन आकडे शेजारी हवेत. ‘आमच्या साखळीत रिव्ह्यूअर आहे’ या वाक्याला हे दोन आकडे जोडले की मगच त्याला अर्थ येतो.

या मोजमापात मॉडेलच्या स्वभावाचाही हिशेब धरावा लागतो. २०२४च्या एका अभ्यासात सारांशलेखनाच्या कामावर असे दिसले की मॉडेल स्वतःचे लेखन ओळखतात आणि त्याला झुकते माप देतात. कोडच्या परीक्षणात हे किती प्रमाणात घडते ते वेगळे तपासायला हवे. पण परीक्षक दुसऱ्या घराण्याचे मॉडेल असावे ही सूचना त्यातून सहज निघते. नाइट-लेव्हसन यांचा प्रयोग लक्षात ठेवला तर तीही हमी ठरत नाही. आजची बरीच मॉडेल्स साधारण त्याच सार्वजनिक कोडवर शिकलेली आहेत. अवघड जागा सर्वांना एकसारख्याच अवघड जात असतील, तर घराणे बदलून मिळणारे अंतर नावाचेच असेल. म्हणून मी मत देणाऱ्या परीक्षकापेक्षा पुरावा दाखवणाऱ्या परीक्षकाच्या बाजूचा आहे. टाइप-चेकर, लिंटर, जुन्या टेस्ट, एखादे चुकणारे इनपुट प्रत्यक्ष चालवून दाखवणे, यांना कुणाचा लळा नसतो. रिव्ह्यूअरने ‘इथे चूक वाटते’ म्हणण्याऐवजी ती चूक उघडी पाडणारी टेस्ट द्यावी, असा नियम केला की त्याच्या खोट्या हरकती आपोआप गळतात. मात्र याची किंमतही आहे. नावे गोंधळात टाकणारी आहेत, रचना पुढे अडचणीची ठरेल, अशा हरकती टेस्टने सिद्ध होत नाहीत, आणि चांगल्या रिव्ह्यूचा मोठा भाग अशाच हरकतींचा असतो.

चौथी गोष्ट सातत्याची. साखळी एकदा यशस्वी झाली म्हणजे दरवेळी होईल असे नाही. ग्राहकसेवेच्या कामांसाठी २०२४मध्ये आलेल्या ‘टाउ-बेंच’ने त्यासाठी वेगळा निकष वापरला : तेच काम आठ वेळा दिले तर आठही वेळा जमते का. त्या वेळच्या आघाडीच्या मॉडेलला सर्व कामे मिळून एका प्रयत्नात निम्म्याहून कमी यश होते, आणि दुकानाच्या विभागात आठही वेळा यशाचे प्रमाण २५ टक्क्यांखाली गेले. भूमिकांच्या समर्थनातला माझ्या दृष्टीने सर्वांत आश्वासक दावा इथे तपासता येईल. साखळी सरासरी फारशी वाढवत नसेलही, पण टोकाचे वाईट निकाल कमी करत असेल. कारखान्यातल्या तपासणीचा हेतूही तोच असतो. सरासरीच जाहीर करणाऱ्या लेखांतून या दाव्याचा निकाल लागू शकत नाही.

शेवटी माणूस. चाचणीसंचावरचे यश आणि प्रत्यक्ष कामातला लाभ यांत किती अंतर असू शकते, ते २०२५च्या जुलैत मेटर या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दिसले. खुल्या प्रकल्पांवर काम करणाऱ्या १६ अनुभवी डेव्हलपर्सना २४६ कामे देण्यात आली. कोणत्या कामात एआय वापरायचे ते चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले. एआय वापरताना त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला, आणि काम संपल्यावरही त्यांना वाटत होते की आपण २० टक्क्यांनी लवकर केले. नमुना लहान होता आणि साधने त्या वर्षाच्या सुरुवातीची होती, त्यामुळे वेगाबद्दल यावरून ठोस निष्कर्ष काढू नये. पण साखळी चांगली चालते आहे ही वापरणाऱ्याची भावना पुरावा म्हणून धरता येत नाही, एवढे त्यावरून नक्की म्हणता येते.

जे अजून सुटलेले नाही

काही प्रश्नांवर आजच्या पुराव्याने कुठल्याच बाजूला कौल देता येत नाही. मूळ गरजच चुकीची लिहिलेली असेल तर साखळीतल्या कुणी हटकायचे? आराखडा करणारा एजंट प्रश्न विचारण्याऐवजी अंदाज बांधून पुढे जातो, आणि नंतरच्या सगळ्या भूमिका त्या अंदाजालाच प्रमाण मानतात. काम किती वेळा मागे फिरावे, यालाही अजून अनुभवाच्या ठोकताळ्यापलीकडे उत्तर नाही. देखभालीचा प्रश्न याहून मोठा आहे. आजचे चाचणीसंच एकेका पॅचचा निकाल देतात. तीच साखळी एका प्रकल्पावर दोन वर्षे चालली तर कोड सुबोध राहतो की गाळ साचत जातो, हे मोजण्याची रूढ रीत नाही. आणि जबाबदारीचा प्रश्न आहेच. दिवसाला चाळीस पॅचवर सही करणारा माणूस दस्त न उघडता सही करणाऱ्या अधिकाऱ्यासारखाच होतो. त्याची नजर कुठे लागायला हवी हे साखळीनेच सांगावे, म्हणजे जिथे तपासणाऱ्या भूमिकांत मतभेद झाले तेवढेच वर पाठवावे, असा एक विचार आहे. तो तेव्हाच चालेल, जेव्हा मतभेद नसलेल्या जागी खरोखर चूक नसेल.

मी वर सुचवलेली दोष पेरण्याची पद्धतही यातून सुटत नाही. डीमिलो आणि सहकाऱ्यांनी आपल्या युक्तीला एक गृहीतक जोडले होते : जाणकार प्रोग्रॅमर जवळपास बरोबर असलेलाच प्रोग्रॅम लिहितो, त्याच्या चुका लहान असतात. म्हणूनच लहान बदल पेरून टेस्टची पारख करता येते. एजंटांच्या चुका अशा असतात का? त्यांचा कोड पुष्कळदा नीटनेटका असतो, टेस्ट पास होतात, आणि सोडवलेला प्रश्नच दुसरा असतो. उलटलेली तुलना पकडणारा रिव्ह्यूअर ही चूक पकडेल, असे मानायला आज आधार नाही. त्यासाठी पेरायचे दोष एजंटांच्या खऱ्या अपयशांतून घ्यावे लागतील : माणसांनी नाकारलेले पॅच, मिसळल्यानंतर मागे घ्यावे लागलेले बदल, आणि प्रत्येकाबरोबर नाकारण्याचे कारण. असा संग्रह पुरेशा विस्ताराने आणि खुला उपलब्ध झाला, तर तपासणाऱ्या भूमिकेचा कस नेमक्या कोणत्या चुकांवर लावायचा ते ठरवता येईल.